जुना सी कोड : बदलावा की राहू द्यावा?

प्रश्न : आमचा सीमधला प्रोग्रॅम बरीच वर्षं नीट चालतोय. तो सी प्लस प्लसमध्ये न्यावा का?

उत्तर : नुसते ऑब्जेक्ट हवेत म्हणून असेल, तर नको. स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या डेटात) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचे पत्ते, ठेवून लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) तेच काम सीमध्ये करतो. पण मेमरी मोकळी करायची राहून जाते, एरर आली की गोटूची (कोडमध्ये दुसरीकडे उडी मारणाऱ्या आज्ञेची) रांग लागते, असा त्रास असेल तर डिस्ट्रक्टरसाठी (ऑब्जेक्ट संपताना आपोआप साफसफाई करणाऱ्या फंक्शनसाठी) बदल परवडतो. मात्र नव्याने लिहू नका. जुन्या कोडमधल्या विचित्र अटी बहुधा कुठल्या तरी बगवरचा इलाज असतात. जीसीसी हा कंपायलरसुद्धा टप्प्याटप्प्यानेच सी प्लस प्लसकडे गेला.

आधी चाचण्या लिहा, मग एकेक फाइल नव्या कंपायलरमधून काढा. मॅलॉकला (मेमरी मागणाऱ्या फंक्शनला) कास्ट, म्हणजे प्रकार बदलायची स्पष्ट सूचना, लागेल; ‘न्यू’, ‘क्लास’ अशी व्हेरिएबलची नावं बदलावी लागतील, कारण सी प्लस प्लसमध्ये ते राखीव शब्द आहेत. सीच्या हेडरना एक्स्टर्न सी (ही फंक्शन्स सीची आहेत असं सांगणारी खूण) लावलं नाही, तर तुकडे जोडणारा लिंकर अडेल. हे सगळं निदान दिसतं तरी! खरा धोका गुपचूप मोडणाऱ्या गोष्टींचा. स्ट्रक्टला व्हर्च्युअल फंक्शन (कुठलं फंक्शन चालवायचं ते प्रोग्रॅम चालताना ठरतं असं) दिलं आणि सगळी मेमरी शून्याने भरणारा जुना मेमसेट तसाच राहिला, की व्हीटेबलचा (अशा फंक्शनांच्या पत्त्यांच्या यादीचा) पॉइंटर पुसला जातो. लाँगजंपच्या (एका फंक्शनमधून थेट आधीच्या फंक्शनमध्ये उडी मारण्याच्या) वाटेत डिस्ट्रक्टर आले तर काय होईल याची हमी नाही. असे मेमसेट आणि लाँगजंप आधी काढा.