टॉयलेटचा नवा पाइप खाली न्यायला स्लॅबला भोक पाडायचंय. प्लंबर ब्रेकरने फोडू म्हणतो. चालेल का?

ब्रेकर नको, कोअर कटिंगच (मशीनने गोल भोक कापणं) करून घ्या. ब्रेकरच्या दणक्याने भोकाच्या कडेचं काँक्रीट सैल होतं, चिरा जातात आणि पुढे खालच्यांच्या छताला ओल येते. त्या मशीनचा डायमंड बिट, म्हणजे हिऱ्याच्या कणांची धार असलेली पोकळ नळी, पाणी सोडत गोल, साफ भोक काढतो, हादरे फारसे बसत नाहीत. ११० मिमीच्या पाइपला १२५ ते १५० मिमीचा बिट घेतात. भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा सिमेंटचा मसाला) नीट बसायला १५० बरा.

खरी काळजी सळईची. हा बिट काँक्रीटसोबत सळईही कापतो, वरून ते सहज लक्षात येत नाही. निघालेल्या काँक्रीटच्या तुकड्याच्या कडेला सळईचं चकचकीत तोंड दिसतं, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आधी स्कॅनरने सळया शोधून खडूने खुणा करायला लावा, भोक दोन सळयांच्या मधे घ्या. बीम-कॉलमला हात लावायचाच नाही, त्यासाठी पाइपची जागा बदलावी लागली तरी चालेल. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब (आत स्टीलच्या केबल ताणून ठेवलेला) असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय मशीन लावूच देऊ नका. आतली ताणलेली केबल तुटली तर जिवावर बेतू शकतं.

आणि खालच्या घरात आधी सांगा. कापलेला तुकडा खाली सुटतो, सोबत सिमेंटचं गढूळ पाणीही. खालून टेकू आणि बादली हवीच.