वाचक विचारतात : वर्गातलं संशोधन कुठून सुरू करायचं?

प्रश्न : मी चौथीला शिकवते. वर्गात 36 मुलं आहेत. यंदा कृतिसंशोधनासाठी, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून तो तपासण्यासाठी, 'विद्यार्थ्यांची गणितातील अप्रगती : कारणे व उपाय' हा विषय घेतला. दोन महिने झाले, पण काम पुढे सरकत नाही. कुठे चुकतंय?

विषय फार मोठा आहे. 'गणितातील अप्रगती' ही एक अडचण नसून पन्नास अडचणींची मोट आहे. शिवाय 'कारणे' शोधायला निघालं, की हात घरची परिस्थिती आणि पालकांचं शिक्षण इथवर जातात. त्यात तुम्हाला काही बदलता येणार नाही. जे तुमच्या तासिकेत, तुमच्या हाताने बदलता येतं, तेवढ्यावरच प्रश्न बेतावा.

सुरुवात तपासलेल्या वह्यांपासून करा. फक्त चूक-बरोबर पाहू नका, मुलाने चुकीचं उत्तर काय लिहिलंय ते वाचा. उदाहरणार्थ 503 − 278. बरोबर उत्तर 225. एखाद्याने 375 लिहिलं असेल, तर तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय : 8 मधून 3, 7 मधून 0, 5 मधून 2. हातच्यापर्यंत तो पोचलेलाच नाही. 275 लिहिणाऱ्याने शतकातून उसना घेऊन तो थेट एककाला दिला आणि दशकात 0 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 च लिहून टाकले. 235 लिहिणारा बराच पुढे आलेला आहे. त्याने शतक मोडून 10 दशक केले, पण त्यातला एक एककाला दिल्यावर 9 उरले हे विसरला. तिघांच्या वहीत लाल फुली एकच आणि समजुती मात्र तीन वेगळ्या. या तिघांना तीच रीत फळ्यावर पुन्हा एकदा दाखवली, तर फार तर तिसऱ्याचं काम होईल. वजाबाकीतल्या चुका अशा नियमाने होतात, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी 1978 मध्ये पद्धतशीर मांडलं. वर्गशिक्षकाला ते आपल्याच वह्यांमध्ये दिसू शकतं.

आता पुढची कामं. 12 गणितांची छोटी चाचणी काढा : 4 बिनहातच्याची, 4 एका हातच्याची, 4 दशकस्थानी शून्य असलेली. एका प्रकारची चारेक गणितं असली, तरच नजरचूक कोणती आणि पक्की बसलेली समजूत कोणती हे कळतं. पेपर जमले, की उत्तरांनुसार त्यांचे गठ्ठे करा. प्रत्येक गठ्ठ्यातली दोन-दोन मुलं एकेकटी जवळ बसवा आणि 'मोठ्याने बोलत सोडव' एवढंच सांगा. मध्ये दुरुस्ती करायची नाही. हे फार जड जातं, कारण चूक दिसताच सुधारायची आपल्याला सवय असते. पण सुधारलंत, की मुलाचं बोलणं थांबतं आणि तुमची नोंदही तिथेच थांबते.

एवढं झालं, की कृतिगृहीतक ('अमुक केलं तर तमुक होईल' हा अंदाज) आपोआप नेमकं होतं : 'शंभर काड्यांची जुडी मोडून दहा-दहाचे 10 गठ्ठे आणि त्यातला एक मोडून 10 सुट्या काड्या करण्याची कृती 3 आठवडे, रोज 15 मिनिटं घेतली, तर दशकस्थानी शून्य असलेल्या वजाबाकीत चुकणाऱ्या मुलांची संख्या कमी होईल.' यात कृती, मुदत आणि मोजायची गोष्ट तिन्ही आल्या. या 3 आठवड्यांत नवा खेळ, नवी गटरचना असं आणखी काही सुरू करू नका. नाहीतर फरक कशामुळे पडला, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली 10 मुलं निवडून उपक्रम घेतला. उत्तरचाचणीत दहाही जणांचे गुण वाढले. उपक्रम यशस्वी झाला असं लिहू का?

अजून नाही. एखाद्या चाचणीत तळाला गेलेल्या मुलांपैकी काही खरंच मागे असतात, तर काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. दुसऱ्या गटातली मुलं काहीही न करता पुढच्या वेळी वर येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडताना हाच कल दाखवला होता : टोकाचं मोजमाप पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकतं. शिक्षकांच्या अहवालांत ही चूक फार वेळा राहून जाते, आणि राबून केलेलं काम त्यामुळे कच्चं ठरतं.

उपाय सोपा आहे. उपक्रमाआधी आठवड्याच्या अंतराने दोन चाचण्या घ्या. मुलं पहिल्या चाचणीवरून निवडा आणि वाढ दुसऱ्या चाचणीपासून मोजा. दोन्हींचा साचा एकच ठेवा, अंक बदला : 503 − 278 च्या जागी 604 − 357. तेच पेपर पुन्हा दिले, तर मुलांना उत्तरं आठवतात. उपक्रमानंतरच्या चाचणीशिवाय आणखी 3 आठवड्यांनी, मध्ये उजळणी न घेता, पुन्हा एक चाचणी घ्या. सुधारणा टिकली की नाही, ते तिथे दिसतं.

हिशेबाबद्दल एक गोष्ट. 36 च्या वर्गात एका मुलाने टक्केवारी जवळपास 3 ने हलते. म्हणून '11 टक्के वाढ' असं न लिहिता '14 पैकी 10 मुलांची चूक गेली, 4 जणांची राहिली' असं लिहा. पूर्व आणि उत्तर दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच तुलना करा. गैरहजर किती, ते वेगळं नोंदवा.

प्रश्न : हे खरं संशोधन की विद्यापीठातल्या संशोधनाची हलकी आवृत्ती?

हलकी मुळीच नाही. दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, ती नियोजन, कृती, पडताळणी आणि पुन्हा नियोजन अशा फेऱ्यांची. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी 1975 मध्ये शिक्षकाने स्वतःच्या अध्यापनाचा अभ्यास करावा असा आग्रह धरला. तुमच्या 36 मुलांवरून सगळ्या मुलांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि तसा काढूही नये.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. शिक्षकांना संशोधनाकडे वळवायचं आहे, पण ते कागदी काम वाटतं म्हणून कोणी पुढे येत नाही. काय करावं?

शिक्षकांचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं. वर्षअखेरीला 60 पानी अहवाल मागितला, की प्रस्तावना आणि व्याख्या उतरवून काढल्या जातात आणि वर्गातलं निरीक्षण दोन पानांत उरकतं. तुम्ही ती दोन पानंच मागा : प्रश्न, काय केलं, मुलांच्या कामाचे दोन-तीन नमुने, काय दिसलं, पुढे काय.

दुसरं म्हणजे वेळ. शाळा सुटल्यावरचा वेळ धरू नका. पंधरवड्यातून एक तासिका वेळापत्रकातच राखून ठेवा आणि तिथे बदली तासिका लावू नका. दोघा शिक्षकांची जोडी करा : एक शिकवेल, दुसरा मागे बसून ठरवलेली तीन-चार मुलं काय करतात तेवढंच टिपेल. जपानमधल्या पाठ-अभ्यासाच्या जुन्या परंपरेत असंच चालतं. तीत पाठाची आखणी सगळे मिळून करतात, त्यामुळे नंतरची चर्चा शिकवणाऱ्यावर न घसरता पाठावर राहते. निरीक्षकाने 'तास छान झाला' असं लिहू नये, 'तिसऱ्या बाकावरच्या मुलीने काड्या मोजल्या, पण वहीत पुन्हा 375 लिहिलं' असं लिहावं.

हे काम शिक्षकांच्या गोपनीय अहवालातल्या (वार्षिक मूल्यमापनातल्या) गुणांना जोडू नका. जोडलंत, की प्रत्येक उपक्रम यशस्वी ठरेल आणि फसलेला एकही तुमच्यापर्यंत येणार नाही. पहिल्या वर्षी दोन-तीन इच्छुक शिक्षक पुरेत.

प्रश्न : पालकांची परवानगी लागते का?

नेहमीच्या अध्यापनाचा भाग म्हणून घेतलेल्या चाचण्या शाळेतच वापरायच्या असतील, तर मुख्याध्यापकांना लेखी कळवून काम सुरू करा. नोंदी, छायाचित्रं किंवा मुलांचं बोलणं शाळेबाहेर छापायचं असेल, तर पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि मुलांनाही विचारा. नावांऐवजी पहिल्या दिवसापासून वि-1, वि-2 अशा खुणा वापरा. खुणा आणि नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. हजेरी क्रमांक खूण म्हणून वापरू नका, त्यावरून मूल लगेच ओळखू येतं.