फिरकी गोलंदाज इतकी वर्षे कसे खेळतात?

‘फिरकी टाकायला अंगमेहनत लागत नाही, म्हणून हे गोलंदाज चाळिशीपर्यंत खेळतात का?’ असे आपण विचारले आहे. मी परभणीत पंधरा वर्षे क्लब आणि जिल्हा पातळीवर ऑफस्पिन टाकली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की मेहनत कमी नसते. ती शरीराच्या दुसऱ्या भागांवर पडते.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आदळतो तेव्हा घोटा, गुडघा आणि कंबर यांना जो हादरा बसतो, तो चार पावलांत चेंडू टाकणाऱ्या फिरकीपटूला फारसा बसत नाही, हे खरे. पण चेंडू पिळतात ते बोट आणि खांदा. आमच्याकडे काथ्याच्या मॅटवर सामने होत. मॅटवर चेंडू पकड घेतो, उसळतो, त्यामुळे आम्ही खूश असायचो. मात्र काही षटकांतच घासून शिवण करवतीसारखी होई. तर्जनीच्या पेरावर घट्टा पडे, एप्रिलच्या कोरड्या हवेत तो भेगाळे, आणि रात्री भाकरीबरोबर ठेचा खाताना डोळ्यांत पाणी येई. खांद्याचे म्हणाल, तर अनिल कुंबळे यांना शस्त्रक्रियेमुळे जवळजवळ वर्षभर बाहेर बसावे लागले होते; त्यांच्या ६१९ कसोटी बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी त्यानंतरचे आहेत.

माझ्या मते खरे कारण असे, की ही कला उशिरा पिकते. चेंडूला उंची किती द्यायची, फलंदाज पुढे सरसावतो आहे हे ओळखून टप्पा ऐन वेळी आखूड कसा करायचा, हे नेटमध्ये शिकवता येत नाही. त्यासाठी हजारो चेंडू टाकावे लागतात आणि बरेच षटकारही खावे लागतात. दिलीप दोशी बत्तिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळले आणि तरीही ३३ कसोटींत त्यांनी ११४ बळी घेतले.

पण तोवर कोणीतरी तुमच्या हाती चेंडू देत राहिला पाहिजे. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर १९६१-६२ मध्ये प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले आणि शेवटचे खेळले १९८७-८८ मध्ये. भारतीय संघात तशीच डावखुरी फिरकी टाकणारे बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्यामुळे (दुसरे काय म्हणणार?) त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, पण मुंबईने त्यांच्यावर विश्वास ठेवला. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तसेच: रणजीत ६३७ बळी, कसोटी शून्य.

मराठवाड्यातल्या मुलाची वाट महाराष्ट्राच्या संघातून, म्हणजे पुण्यावरून जाते. पंचविशीपर्यंत निवड झाली नाही, की घरचे नोकरीचा अर्ज पुढे करतात. हवेत चेंडू थोडा थांबवणे मला एकोणतिसाव्या वर्षी जमू लागले. एकतिसाव्या वर्षी माझी बदली झाली, आणि त्या गावात मैदानच नव्हते.