दुसऱ्या हार्मोनिकचे मोजमाप सुरू करण्यापूर्वी
चुंबकीय बहुस्तरांवर (एकावर एक रचलेल्या अतिपातळ धातूथरांवर) काम सुरू करताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कोबाल्ट किंवा लोखंडासारख्या केंद्रसममित (केंद्रबिंदूतून उलटवली तरी रचना तशीच राहणाऱ्या) धातूच्या अंतर्भागातून द्विध्रुवी स्वरूपाचा दुसरा हार्मोनिक (टाकलेल्या प्रकाशाच्या दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश) निघत नाही, आणि चुंबकनामुळेही ती सममिती मोडत नाही, त्यामुळे ८०० नॅनोमीटरचा लेसर टाकल्यावर येणारा ४०० नॅनोमीटरचा प्रकाश मुख्यतः पृष्ठभागाची आणि आंतरपृष्ठांचीच (दोन थर जिथे भेटतात त्या सीमांचीच) खबर देतो.

हा संकेत अतिशय क्षीण असतो. म्हणून नमुन्याच्या अगदी अलीकडे लाल फिल्टर बसवून आरसे-भिंगांत तयार झालेला निळा प्रकाश अडवा, नमुन्यानंतर निळा फिल्टर लावा, आणि लेसरची शक्ती दुप्पट केल्यावर संकेत चौपट होतो हे पाहिल्याखेरीज कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

खरा कस अर्थ लावताना लागतो. चुंबकीय क्षेत्र उलटवल्यावर तीव्रतेत पडणारा फरक संकेताच्या चुंबकीय आणि अचुंबकीय घटकांमधील कलांतरावरही (त्यांच्या लहरींच्या टप्प्यांतील फरकावरही) अवलंबून असतो, त्यामुळे फरक शून्य आला म्हणजे आंतरपृष्ठ अचुंबकीय आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिवाय कोबाल्टवरील तांबे आणि तांब्यावरील कोबाल्ट ही आंतरपृष्ठे एकमेकांच्या उलट चिन्हाने योगदान देतात, आणि संरक्षक थरही स्वतःचे आंतरपृष्ठ जोडतोच. ही योगदाने वेगळी काढण्यासाठी, माझ्या मते, जाडी हळूहळू बदलत जाणारा पाचरीच्या आकाराचा नमुना सर्वांत उपयोगी पडतो.