नागपुरातील स्ट्रॉबेरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरीची सहा रोपे आणून शेतातली काळी माती आणि शेणखत भरलेल्या कुंड्यांत लावली. महिनाभरात कोवळी पाने पिवळी पडली, एकूण चार-पाच बारीक फळे मिळाली आणि एप्रिलमध्ये सगळी रोपे वाळून गेली. नागपूरच्या हवेत हे पीक येतच नाही, असे समजावे काय?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : हवेला दोष देण्याआधी लावणीची तारीख पाहावी. स्ट्रॉबेरी म्हटले की आपल्यासमोर महाबळेश्वर उभे राहते आणि ते साडेतेराशे मीटर उंचीवर, तर नागपूर जेमतेम तीनशे मीटरवर असल्यामुळे आपली शंका स्वाभाविक आहे. मात्र कॅमारोसा, स्वीट चार्ली, विंटर डॉन या आपल्याकडे मिळणाऱ्या जाती लहान दिवसांत कळी धरणाऱ्या आहेत. दिवस साधारण १४ तासांहून लहान असला की त्यांचे भागते आणि नागपुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच संपतो. अडचण आहे ती उष्णतेची. दिवसा २० ते २५ आणि रात्री १० ते १५ अंश तापमान या झाडाला मानवते, आणि पारा सतत तिशीच्या वर राहू लागला की फुले कमी होतात व फळ लहानच राहते. जानेवारीत आपल्याकडे दुपारी २८-२९ आणि पहाटे १२-१३ अंश असतात, म्हणजे आदर्श नसले तरी निभावण्यासारखे. लावणीनंतर पहिले फळ हाती यायला दोन महिने सहज लागतात. आपली रोपे जानेवारीत लावली गेल्यामुळे त्यांचा खरा बहर मार्चच्या मध्यावर, पारा पस्तिशीपुढे गेल्यावर आला असता. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की, म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किंवा फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लावणी उरकावी. रोपवाटिकेत जानेवारीत लालबुंद फळासह मांडलेले रोप कितीही मोहक दिसले, तरी तोवर त्याचा निम्मा हंगाम सरलेला असतो.

पाने पिवळी पडण्याचे कारण मात्र वेगळे असून ते आपल्या मातीत आहे. काळी माती चिकण, पाणी धरून ठेवणारी आणि बहुधा चुनखडीयुक्त असते. तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साडेसात-आठच्या घरात जातो, तर स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा हवा असतो. चढ्या सामूच्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, त्यामुळे नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीवरचा संत्र्याचा बगिचा पाहिलेल्यांना हे लक्षण नवे नाही. अशा मातीत नुसते हिराकस (फेरस सल्फेट) घातले तर तेही लवकरच अडकून बसते. चढ्या सामूतही टिकणारे, ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले, म्हणून मातीत न अडकणारे) द्यावे. पण कुंडीपुरता विचार केला तर काळी माती टाळणे हाच सोपा मार्ग आहे. दोन भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाडी रेती असे मिश्रण पुरते.

एवढे करूनही विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी रोज घातले, तर सामू हळूहळू पुन्हा चढतो. त्यासाठी दहा लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व मिसळावे आणि सामू मोजण्याच्या पट्टीने पाहून प्रमाण कमी-जास्त करावे. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसू लागली की क्षार साचले असे समजून, तळाच्या भोकातून वाहून जाईल इतके पाणी एकदा सोडावे. संत्र्याला बहर धरण्यासाठी आपण ताण देतो. ती सवय येथे चालवू नये, कारण उथळ मुळांच्या या झाडाला कोरडेपणा सोसत नाही. लावताना पाने जेथून फुटतात तो गड्डा बरोबर मातीच्या पातळीवर ठेवावा. पुरला तर तो कुजतो, उघडा राहिला तर वाळतो. वर धानाचे तणस अंथरले की फळ ओल्या मातीला टेकत नाही.

प्रश्न : आमची सदनिका सातव्या मजल्यावर आहे. झाडांना फुले भरपूर येतात, परंतु फळे वाकडी, एका बाजूने दबलेली निघतात. हा रोग आहे काय?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : बहुतेक वेळा हा रोग नसून अपुऱ्या परागीभवनाचा परिणाम असतो. आपण जिला बी म्हणतो तो स्ट्रॉबेरीवरचा प्रत्येक बारीक दाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक स्वतंत्र फळ आहे आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाग्र. दाण्यात बी धरले की त्यातून निघणाऱ्या संप्रेरकामुळे त्याच्या भोवतालचा गर वाढतो. जेथे धरले नाही तेथे गर दबलेला राहतो. सातव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच फिरकतात, म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास, फूल उमललेले आणि कोरडे असताना, मऊ ब्रश मधल्या पिवळ्या भागावरून हलकेच गोल फिरवावा आणि असे दोन-तीन दिवस करावे. त्यानंतर साधारण महिनाभराने फळ पिकते. ते पूर्ण लाल झाल्यावरच तोडावे, कारण तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही. अर्थात तेवढ्या अवधीत बुलबुलांनी ते पाहिले नाही तर! जाळी लावणे बरे.

प्रश्न : उन्हाळ्यात कुंड्या कूलरसमोर ठेवल्या तर रोपे जगतील काय?
— एक वाचक, महाल

उत्तर : जगली तरी मे महिन्यात फळे देणार नाहीत. स्ट्रॉबेरीला शेवंतीप्रमाणे हंगामी पाहुणी मानावे आणि दर ऑक्टोबरात नवी रोपे आणावीत, असे माझे मत आहे. हौसच असेल तर जोमदार अशी दोनच रोपे निवडावीत, मार्चपासून त्यांची फुले खुडावीत आणि पूर्वेकडच्या ओसरीत, हिरव्या जाळीखाली, सकाळचे तेवढे ऊन मिळेल अशा ठिकाणी त्यांना ठेवावे. पावसाळ्यात त्यांवर आडोसा हवा, नाहीतर उन्हातून वाचलेला गड्डा आषाढात सडतो. त्या सुमारास निघणाऱ्या रनरची (जमिनीलगत पसरणाऱ्या लांब फुटव्यांची) टोके लहान कुंडीत टेकवून रुजवली, तर ऑक्टोबरसाठी घरचीच रोपे तयार होतात. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र या कुंड्यांत ओतू नये. बाष्पीभवनामुळे त्यात नळाच्या पाण्यापेक्षाही अधिक क्षार साचलेले असतात.