हेडफोन घेण्याआधी तुमचा गोंगाट ओळखा

प्रश्न: दर आठवड्याला भुसावळ-मुंबई ये-जा असते. नॉइज कॅन्सलेशनचे भारी हेडफोन घ्यायचेत. सोनी की बोस? डब्यातला गोंगाट पूर्ण बंद होईल का?

पूर्ण बंद होणार नाही. हेडफोनवरचे बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. हे जमतं ते सलग, जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाला. एसी डब्यातल्या ब्लोअरची घरघर आणि चाकांची गडगड कितीतरी उतरते. साधारण 1000 हर्ट्झच्या वर मात्र हा खेळ थकतो. तिथून पुढे कानावरच्या गादीनं जेवढं अडेल तेवढंच. चहावाल्याची आरोळी, समोरच्या बर्थवरचं रडणारं बाळ, कुणाच्या मोबाईलवरचं रील, हे सगळं दबून का होईना, येणारच. अमर बोस यांना ही कल्पना 1978 मध्ये विमानप्रवासात सुचली, ती इंजिनाच्या घरघरीवर उपाय म्हणून. आजही हे तंत्र प्रवासातच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

सोनी आणि बोस दोन्ही या कामात पहिल्या रांगेतले. प्रवाशानं मी म्हणेन घडी बघावी. सोनीचा एक्सएम5 घडी होऊन लहान होत नाही, त्याचा डबा बॅगेत जागा खातो. एक्सएम4 आणि 2025 चा एक्सएम6 दुमडतात. बोसचा क्वायटकम्फर्ट अल्ट्राही दुमडतो, आणि तासन् तास घालायला मला तो जास्त सुखाचा वाटतो. चार्जिंगचा कंटाळा असेल तर सेनहायझरचा मोमेंटम 4 बघा. कंपनी 60 तासांची बॅटरी सांगते, म्हणजे तुमचं जाऊन-येऊन आरामात भागेल. आवाज कापण्यात तो या दोघांच्या थोडा मागे आहे.

प्रश्न: धुळ्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. खोलीत कूलर, भिंतीपलीकडे शेजारचा टीव्ही. मला चष्मा आहे. 30 हजार साठवलेत, घालू का?

ताई, एवढे घालू नका. कूलरचा आवाज मध्यम किमतीचे हेडफोनही छान कापतात. टीव्हीतले संवाद महागडेही पूर्ण कापत नाहीत, कारण माणसाचा आवाज वरच्या पट्टीत जातो. त्यावर उपाय म्हणजे नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून अगदी हळू आवाजात तंबोरा किंवा पावसाचा आवाज लावायचा. शब्द त्यात बुडतात आणि मन वाचनात राहतं. सोनीचा सीएच720एन 200 ग्रॅमच्या आत बसतो आणि वर सांगितलेल्या भारी मॉडेलांपेक्षा बराच स्वस्त पडतो. तुम्हाला तो पुरेल. उरलेले पैसे पुस्तकांना आणि टेस्ट सिरीजला लावा.

चष्म्याचा प्रश्न मात्र खरा महत्त्वाचा. काडी गादीला उचलून धरते आणि त्या फटीतून नेमकी खालची घरघर आत शिरते. दुकानात चष्म्यासकट घाला, गाणं न लावता नॉइज कॅन्सलेशन सुरू करा आणि पंख्याजवळ किंवा कूलरजवळ उभं राहा. मग दोन्ही कप तळव्यांनी अलगद दाबा. दाबल्यावर घरघर एकदम कमी झाली, तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला नीट बसत नाही, मग किंमत काहीही असो. मान हलवून, जांभई देऊनही बघा. दुकानदार घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत डाळमिलमध्ये आहे. मशीनजवळ इअरमफऐवजी हेच घातले तर चालतील ना? गाणीही ऐकता येतील.

नाही भाऊ, चालणार नाहीत. कारखान्यातल्या आवाजासाठी आपल्याकडे 8 तासांना 90 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला 40 तास 80 डेसिबलच्या आतच राहा म्हणते. हे हेडफोन सुरक्षा साधन म्हणून तपासलेले नसतात. मशीनच्या आवाजातली घरघर ते कापतील, पण खडखडाट आणि पट्ट्याची किरकिर आत येत राहील. घरघर गेल्यामुळे कान वाचले असं वाटेल आणि इजा मात्र चालूच राहील. त्यात गाणं मोठं केलं की आणखी भर. वर, मागून कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही ते वेगळंच. खोक्यावर किती डेसिबल कमी होतात ते छापलेले, कानावर घट्ट बसणारे इअरमफ मालकाकडे मागा. तो तुमचा हक्क आहे. सुट्टी झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

प्रश्न: माझ्याकडे आयफोन आहे. एलडॅक असलेला हेडफोन घेऊ का?

एलडॅक म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यानं आवाज पाठवायची एक पद्धत. त्यासाठी म्हणून घेऊ नका. आयफोन ब्लूटूथवर एएसी ही दुसरी पद्धत वापरतो, एलडॅक नाही. एलडॅक अँड्रॉइडवाल्यांच्या कामाचं.

प्रश्न: चोपड्याच्या उन्हाळ्यात हे टिकतात का?

टिकतात, जपलं तर. बहुतेक कंपन्या 35 ते 40 अंशांपर्यंतच वापर सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास फिरतो. म्हणून उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. लिथियम बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. चार्जिंग संध्याकाळनंतर, गार खोलीत. घाम आला की गाद्या कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर वरचं कातडं सोलून काळे कण कॉलरवर पडू लागतात. घेतानाच विचारा, गाद्या बदलून मिळतात का आणि कितीला.

प्रश्न: सुरतहून एक जण एअरपॉड्स मॅक्सची 'फर्स्ट कॉपी' चार हजारांत आणून देतो म्हणतो. घ्यावी का?

घेऊ नका. फोनवर अस्सल असल्यासारखी खिडकी उघडते, सेटिंगमध्ये नावही तसंच दिसतं, म्हणून लोक फसतात. पण आवाज कापण्याचं कामच त्यात नीट होत नाही आणि आतली बॅटरी कुठली ते कुणालाच ठाऊक नसतं. तेवढ्याच पैशात एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा साधा नॉइज कॅन्सलेशनवाला हेडफोन पक्क्या बिलावर मिळतो, तो घ्या. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानातच तो खोक्यावरच्या आणि हेडफोनवरच्या नंबराशी ताडून बघा.