कोलबर्गचा किल्लेदार हायडे

प्रश्न : सप्तवार्षिक युद्धात (१७५६–१७६३; प्रशियाविरुद्ध ऑस्ट्रिया, रशिया, फ्रान्स आणि स्वीडन) कोलबर्गचा किल्ला लढवणारा हायडे कोण होता? शेवटी त्याने किल्ला शत्रूच्या हवाली केला, तरी प्रशियाच्या फ्रीड्रिख राजाने त्याला शिक्षा कशी केली नाही?

उत्तर : हाइनरिश सिगिस्मुंड फॉन डेर हायडे (१७०३–१७६५) हा प्रशिया या जर्मन राज्याचा लष्करी अधिकारी आज जर्मनीबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याचे सारे नाव एकाच किल्ल्याशी जोडलेले आहे. कोलबर्ग, म्हणजे आजच्या पोलंडमधील कोवोब्झेग, हे पोमेरेनियातील बाल्टिक किनाऱ्यावरचे तटबंदीचे शहर. सुपीक प्रांत किंवा भरलेला खजिना म्हणून नव्हे, तर बंदर म्हणून रशियाला ते हवे होते. रशियन फौजा दरवर्षी पूर्वेकडून येत, लढत आणि थंडी पडू लागली की दाणागोट्याअभावी व्हिस्टुला नदीकडे माघारी जात. किनाऱ्यावरचे एखादे बंदर हाती आले असते, तर समुद्रमार्गे रसद आणून त्यांना शत्रूच्याच मुलखात हिवाळा काढता आला असता.

प्रशिया आणि रशिया यांच्यातील त्सोर्नडोर्फच्या लढाईनंतर, ऑक्टोबर १७५८ मध्ये रशियन जनरल पाल्मेनबाखने किल्ल्याला वेढा घातला. हायडे तेव्हा साधा मेजर होता आणि त्याच्यापाशी सुमारे ७०० माणसांची शिबंदी होती, तीही बहुतेक प्रांतिक मिलिशियाची. कारण कवायती पलटणी राजा रणांगणाकडे नेत असे आणि किल्ले उरल्यासुरल्यांवर सोपवत असे. तोफांवर माणसे कमी पडली, तेव्हा नागरिक मदतीला उभे राहिले. महिनाभर प्रयत्न करून रशियनांनी वेढा उठवला. वेढा घालणाऱ्यांचे नियोजन ढिसाळ होते हे खरे. परंतु शत्रूची ढिलाई लक्षात येईपर्यंत टिकून राहणे, हेच किल्लेदाराचे निम्मे काम असते.

दुसरा वेढा ऑगस्ट १७६० च्या अखेरीस पडला. या वेळी रशियाचे आरमार समुद्रावरून आले आणि स्वीडनची जहाजेही त्याला येऊन मिळाली. शहरावर गोळ्यांचा मारा सुरू होता, किनाऱ्यावर सैन्य उतरले होते आणि जवळपास मदतीला येईल अशी मोठी प्रशियन फौज नव्हती. अशा स्थितीत प्रशियाचा जनरल पाउल फॉन वेर्नर आपली तुकडी घेऊन सिलेसियातून मजल-दरमजल करत १८ सप्टेंबरला अचानक येऊन थडकला, आणि वेढा घालणारे तोफा व सामान टाकून जहाजांकडे पळाले. राजा इतका खूश झाला की या विजयाचे स्मरण म्हणून त्याने पदक पाडले. मात्र हायडेने तोवर किल्ला धरून ठेवला नसता, तर वेर्नरला सोडवण्यासारखे काही उरलेच नसते.

तिसरा वेढा सर्वांत कठीण होता. १७६१ मध्ये रुम्यान्त्सेव या कसलेल्या रशियन सेनापतीने घाई न करता कोलबर्गची कोंडी आवळत नेली. किल्ल्याबाहेर व्युर्टेमबर्गचा राजपुत्र फ्रीड्रिख ऑयगेन खंदकांनी बंदिस्त केलेल्या छावणीत प्रशियन फौज घेऊन बसला होता आणि पुढे जनरल प्लाटेनही त्याला येऊन मिळाला. पण इतकी तोंडे वाढली की धान्य पुरेना, आणि नोव्हेंबरच्या मध्यास राजपुत्राला रात्रीच्या अंधारात सैन्यासह निसटून जावे लागले. हायडे, जो आता कर्नल झाला होता, शिबंदीसह मागे राहिला. तटावर पाणी ओतून त्याने त्याचे बर्फ होऊ दिले, म्हणजे शत्रूला शिड्या लावून चढता येऊ नये. डिसेंबरमध्ये बाहेरून रसद पोहोचवण्याचा प्रयत्न कडाक्याच्या थंडीत फसला आणि १६ डिसेंबरला, शहरात खायला काही न उरल्यामुळे, हायडेने तहाच्या अटी मान्य केल्या.

आता शिक्षेचा प्रश्न. फ्रीड्रिख या बाबतीत मुळीच उदार नव्हता. १७५९ मध्ये ड्रेस्डेन शहर शत्रूच्या हवाली करणाऱ्या आपल्याच जनरल श्मेटाउवर त्याची कायमची खप्पा मर्जी झाली, आणि तीही त्याच राजाने आधी सन्मानाच्या अटींवर शहर सोडण्याची मुभा पत्राने दिलेली असताना. माक्सेनच्या लढाईत सैन्यासह शरण गेलेल्या जनरल फिंकला युद्धानंतर पदावरून काढून तुरुंगात टाकण्यात आले. हायडेची गोष्ट वेगळी ठरली, कारण त्याने भीतीपोटी किंवा गोंधळून शस्त्र ठेवले नव्हते. अन्न संपेपर्यंत त्याने वाट पाहिली होती आणि आधीचे दोन यशस्वी बचाव त्याच्या खाती जमा होते. माझ्या मते राजाला हेही दिसत असणार, की फौजांना जे जमले नाही त्याचा जाब एका किल्लेदाराला विचारता येत नाही.

कोलबर्ग पडल्याने रशियनांना पोमेरेनियात हिवाळा काढण्याची सोय झाली आणि फ्रीड्रिखची अवस्था हताश झाली. परंतु तीनच आठवड्यांत, ५ जानेवारी १७६२ रोजी रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ मरण पावली; फ्रीड्रिखचा चाहता असलेला तिसरा पीटर गादीवर आला आणि मे महिन्यातील तहाने कोलबर्ग प्रशियाला परत मिळाले. हायडेचा मृत्यू १७६५ मध्ये त्याच शहरात झाला. त्याची कीर्ती मात्र पुढे १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने घातलेल्या वेढ्यात शहर लढवणारे किल्लेदार ग्नायझेनाउ आणि नागरिक नेटेलबेक यांच्या नावांमागे झाकली गेली, आणि कोलबर्ग म्हटले की जर्मन वाचकाला आजही आधी तेच दोघे आठवतात.